अध्यक्षसाहेब, सही इथं करा

शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष झालात? अभिनंदन! चौकात डिजिटल फलक लावायला तालमीची पोरं आहेतच. फोटोत शाहू महाराज मोठे घ्या. महाराजांनी 1917 साली मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पोरांना शाळेत न धाडणाऱ्या आईबापांना महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. शाळेचा हिशेब न विचारणाऱ्या आईबापांना दंड ठेवायचं तेवढं राहून गेलं, हे आपलं नशीब.

आता कुणीतरी शहाणा तुम्हाला 2009 चा शिक्षण हक्क कायदा दाखवेल. कलम 21 म्हणे: समितीत 75 टक्के पालक, निम्म्या महिला आणि अनुदान कुठं खर्च होतंय यावर समितीची देखरेख. घाबरू नका. बैठकीला जावं लागत नाही, प्रोसिडिंगची वही घरपोच येते. महिला सदस्यांच्या सह्या त्यांचे मालक आणून देतात. ठराव नंतर लिहिला जातो. वर कोरी जागा सोडून खाली सही करायची, एवढं जमलं पाहिजे.

पट 101 ते 250 असेल तर सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 50,000 रुपये संयुक्त अनुदान. त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर घालायचे असतात. म्हणजे 5,000 चे झाडू आणि फिनेल. संडासाला कुलूप असलं तरी फिनेल संपतं, त्याचं नवल करू नका. तीन कोटेशनं येतील. तिन्ही दुकानदारांचं अक्षर एकच, आणि ‘रंगकाम’ तिघांनीही ‘रगंकाम’ लिहिलेलं. व्यापाऱ्यांमधली ही एकी कौतुकाची समजा.

पैसे बहुतेक मार्चच्या तोंडावर येतात आणि 31 तारखेच्या आत संपवायचे असतात. मार्चमध्ये छत गळत नाही, म्हणून भिंती रंगवायच्या. जुलैत राधानगरी-गगनबावड्याकडं पाऊस कोसळतो, छत गळतं, तेव्हा खात्यात काही नसतं. त्यात बिचाऱ्या मुख्याध्यापकाला वर्षभर वीजबिल पदरचं भरावं लागतं, हेही खरंच. पण हे त्यांना बैठकीत बोलू देऊ नका. अनुदान उशिरा का आलं हा प्रश्न वर गेला तर सगळ्यांचीच पंचाईत.

लोकवर्गणीची पावती मागणं तर गावाचा अपमान! दूध संस्थेत फॅटचा एक पॉइंट कमी लागला की तुम्ही चेअरमनची कॉलर धरता, बरोबरच आहे, म्हशीचा प्रश्न असतो. तो बाणा डेअरीतच ठेवून यायचा. शाळेत काय, पोरंच तर आहेत.

एवढं करूनही एखादा पालक माहिती अधिकारात घुसलाच, तर चहा पाजा आणि 10 रुपयांचा स्टॅम्प लावायला मदत करा. महाराष्ट्राच्या नियमानं अर्जात विषय एकच हवा आणि शब्द 150 च्या आत. तो लिहील, ‘अनुदान कुठं खर्च झालं?’ चार शब्द. उरलेले 146 अखर्चित राहिले म्हणून कळवून टाका. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तेव्हा 29 व्या दिवशी लिहायचं: मागितलेली माहिती प्रोसिडिंग वहीत आहे. वही समितीच्या अध्यक्षांकडे सहीसाठी गेली आहे.