किती जड म्हणजे जड?

गेल्या वर्षी मे महिन्यात सिलिंडरवाला टाकी जिन्याखालीच ठेवून गेला. आमची नाशिकच्या सिडकोतली बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. मी खाली उतरून टाकीच्या कड्याला हात घातला, तेवढ्यात वरून हाक आली, "अहो, हात लावू नका तिला!" त्या एका हाकेवर तीन दारं उघडली. शेवटी समोरचे काका, वय वर्षे 71, टाकी खांद्यावर टाकून वर गेले. त्यांच्या मागून मी, हातात गॅसचं पुस्तक घेऊन.

फेब्रुवारीत माझी अँजिओप्लास्टी झाली होती. एक स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, मनगटातून. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ होती : जड वस्तू उचलू नयेत.

मी अंबडला टूलरूममध्ये 26 वर्षं काढलीत. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, नसेल तर आमच्याकडे कोणी जॉब मशीनवर चढवत नाही, आधी डिझाइनवाल्याला फोन जातो. इथे तर मापच नव्हतं. किती जड? किती दिवस? भरलेली बादली चालेल का? ओपीडीत विचारलं तर डॉक्टर पुढच्या पेशंटची फाइल उघडत म्हणाले, "चालत राहा हो."

चाललो. सहा महिने गोल्फ क्लब मैदानाला रोज फेऱ्या. वजन उतरलं, घरचे खूश. पण मांड्या पार सैल पडल्या. एका लग्नात हौसेनं पंगतीत खाली बसलो आणि उठताना भाच्याचा हात मागावा लागला. चालण्यानं दम वाढला होता, ताकद नाही. त्यात माझी साखर काठावर, आणि खाल्लेली साखर खपवणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. तेच मी उपाशी मारत होतो.

मग हृदयाच्या पेशंटांकडून व्यायाम करून घेणाऱ्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी स्ट्रेस टेस्टचा रिपोर्ट पाहिला, कार्डिओलॉजिस्टची लेखी परवानगी मागितली आणि मगच बोलायला लागल्या. तेव्हा कळलं की त्या ओळीला मुदत होती. मनगटातून अँजिओप्लास्टी झाली की त्या हाताला साधारण आठवडाभर जपायचं. बायपासवाल्यांचं वेगळं, छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं, ते जुळेपर्यंत दोन-तीन महिने थांबावंच लागतं. माझ्या कार्डावर मुदतच लिहिली नव्हती, म्हणून घरानं ती जन्मठेप धरली.

आणि माप? सुरुवातीला हातांच्या व्यायामाला, फक्त एकदाच जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या 30 ते 40 टक्के, पायांना 50 ते 60. दहा ते पंधरा वेळा, आठवड्यातून दोन-तीन दिवस. आता ते 'जास्तीत जास्त' काढायला कोणी हृदयाच्या पेशंटला जीव काढून उचलायला लावत नाही. हलक्यापासून चढत जायचं.

खरी भानगड वजनापेक्षा श्वासाची आहे. कॉलेजात असताना आम्हाला शिकवलं होतं, छाती भर, दम कोंड, मग उचल. दम कोंडून जोर लावला की छातीतला दाब वाढतो आणि रक्तदाब उसळतो. 1985 साली कॅनडात पाच तगड्या बॉडीबिल्डरांच्या धमनीत नळी घालून वजन उचलताना रक्तदाब मोजला होता. दोन्ही पायांनी लेग प्रेस, म्हणजे पायांनी वजन ढकलायचं मशीन, करताना सरासरी भरली 320/250, एकाची तर 480/350 च्या वर गेली. ते धडधाकट होते आणि वजनंही भारी होती. पण हे आकडे ऐकले त्या दिवशी जुनी सवय सोडली.

सवय सुटते कशी? मी पाढे म्हणतो. चेष्टा नाही. तोंडानं बोलत असताना दम कोंडताच येत नाही. "तेरा एके तेरा" म्हणत ढकलायचं, खाली आणताना श्वास घ्यायचा. "तेरा दुणे सव्वीस" म्हणत परत ढकलायचं. पाढा संपला की दहा झाले. "तेरा सक" ला आवाज अडकला तर वजन जास्त आहे, पिन काढून वरच्या, हलक्या वजनाच्या भोकात. जिममधली पोरं आधी हसायची, आता एकजण मला सतराचा विचारतो.

जिमवाल्यांवर माझा राग आहे. फॉर्मवर 'हृदयविकार आहे का' या चौकटीत मी टिक केली, फॉर्म गेला ड्रॉवरमध्ये आणि मला मिळाला पंचविशीतल्या पोराचा प्लॅन. ट्रेडमिलवर ठोके 104 दिसले तर ट्रेनर म्हणे, "काका, 220 वजा वय, तुमचे 168 निघतात, पळवा अजून!" अरे बाबा, मी बीटा ब्लॉकर घेतो. ती गोळी ठोके चढूच देत नाही, तिथे तुझी वजाबाकी काय कामाची? आमच्यासारख्यांना 'किती दमलो' हेच मीटर. बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाची 6 ते 20 ची पट्टी आहे, 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे पार थकलो, मला 11 ते 13 मध्ये राहायला सांगितलंय. म्हणजे श्रम जाणवतात, पण पूर्ण वाक्य बोलता येतं.

एकदा बाकावरून झटक्यात उठलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून आधी उठून बसतो, मग उभा राहतो, आणि शेवटची पाच-सात मिनिटं हळू चालल्याशिवाय थांबत नाही. रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांमुळे बार नुसता घासला तरी नडगीवर निळं उठतं, म्हणून जाड मोजे.

हे वाचून उद्या कोणी डंबेल उचलू नका. महाधमनीची झडप फार अरुंद असेल, धमनीला फुगवटा असेल, बसल्याजागी छातीत दुखत असेल, बीपी आटोक्यात नसेल, पाय सुजून दम लागत असेल, तर हा माझा हिशोब तुमच्या कामाचा नाही. आणि व्यायाम करताना छाती, जबडा, हात भरून आले तर सेट पुरा करायचा नाही. बसायचं, डॉक्टरांनी दिली असेल तर जिभेखालची गोळी घ्यायची, थांबलं नाही तर 108.

आज मी लेग प्रेसला 45 किलो लावतो. पंगतीत बसून एकटा उठतो. टाकी मात्र उचलत नाही. भरलेली टाकी तीस किलोच्या आसपास, वाकून कडं धरलं की पाढा घशातच राहतो, हे मी रिकाम्या टाकीवर करून पाहिलंय. मेन रोडवरून चाकांचं स्टँड आणलं. जिन्यापर्यंत ते, जिन्यावरून डिलिव्हरीवाला पोरगा, त्याला वीस रुपये. काकांनाही सांगितलंय, खांदा देऊ नका, स्टँड घेऊन जा. ते तीन आठवडे झाले त्यांच्याकडेच आहे.