इंग्लंडातलं एक गाव, जिथे दरवर्षी बांध तपासतात

इकडे आल्यावर घरी पाठवायचे फोटो म्हणजे कॉट्सवोल्ड्सचे, असा आपल्या लोकांत नियमच झालाय. ते बायबरी, ते कॅसल कूम, मधाच्या रंगाची दगडी घरं आणि त्यांच्यासमोर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढून उभे आपण. मीपण काढलेत, खोटं कशाला बोलू. पण आण्णांना (माझे वडील, इंदापूर तालुका, आयुष्य उसात गेलेलं) असा एक फोटो दाखवला तर ते एवढंच म्हणाले, "गाव चांगलंय, पण जनावरं कुठायत रं?" आणि मी परत फोटो बघितला तर खरंच, शेणाचा पो नाही की ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल नाही. गाव कसलं, शोकेस ती.

तेव्हापासून मी जरा वेगळी गावं शोधायला लागलो, आणि नॉटिंगहॅमपासून पाऊण-एक तासावर टक्सफर्डजवळ मला लॅक्स्टन सापडलं. गेल्या दोन-तीन वर्षांत चार वेळा जाऊन आलो. बायको म्हणते तुझं तिकडे काय लफडंबिफडं आहे का.

दिसायला काही खास नाही, आधीच सांगतो. लाल विटांची घरं, एक जुनं चर्च, डव्हकोट इन नावाचा पब, गावाच्या उत्तरेला नॉर्मन काळातल्या किल्ल्याची नुसती मातीची टेकडी. दुकान मला तरी दिसलं नाही. पण गावातनं चालताना एक गोष्ट खटकते (चांगल्या अर्थाने), ती म्हणजे शेतकऱ्यांची घरं गावातच आहेत, रस्त्याकडे घराची अरुंद बाजू करून एकाला एक लागून, मागे गोठा, कोठार, ट्रॅक्टर. इंग्लंडात बाकी बहुतेक ठिकाणी शेतकरी आपापल्या शेतात घर बांधून राहतो, आपल्याकडच्या वस्तीसारखं. इथे ते शक्यच नव्हतं, कारण प्रत्येकाची जमीन एका जागी नाहीच. गावाला तीन मोठी शेतं, साउथ फील्ड, मिल फील्ड आणि वेस्ट फील्ड, आणि प्रत्येकात सगळ्यांचे लांबलचक पट्टे, तुझा, मग माझा, मग त्याचा, मधे कुंपण नाही. मग घर कुठल्या पट्ट्यात बांधणार?

मध्ययुगात अर्धंअधिक इंग्लंड असंच शेती करायचं. मग जमीनदारांनी पार्लमेंटकडून कायदे करून घेऊन मोकळी रानं वाटून कुंपणं घातली, १६०४ ते १९१४ या काळात असे ५,२०० हून जास्त कायदे झाले आणि त्यात ६८ लाख एकर जमीन गेली, गायरानासकट. ज्याची गाय त्या गायरानावर जगत होती तो गेला मजुरीला, गिरणीला. आपण जे हिरव्या कुंपणांचं चौकटीचौकटीचं इंग्लंड 'किती सुंदर' म्हणून बघतो ना, त्यातली बरीच कुंपणं म्हणजे कुणाची तरी चराई बंद झाल्याची खूण आहे. हे कळल्यापासून मला ट्रेनच्या खिडकीतनं पहिल्यासारखं बघताच येत नाही.

लॅक्स्टन मात्र राहिलं. इथला १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डला बोडलियन लायब्ररीत आहे, त्यात एकेक पट्टा काढलाय आणि मधेमधे नांगर धरलेली, कापणी करणारी चिमुकली माणसंसुद्धा. (मी फक्त त्याची प्रत बघितलीये.) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पट्टे एकत्र करून त्यांची संख्या कमी केली, मोठे केले, आपल्याकडच्या गटवारीसारखंच म्हणा, पण पद्धत तीच ठेवली. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात थंडी सरल्यावर पेरायचं पीक, तिसरं पूर्वी पडीक, आता तिथे चारा वगैरे असतो, आणि दरवर्षी फिरवायचं. गहू कुठे पेरायचा हे एकट्याने ठरवायचंच नाही, सगळ्यांचा गहू एकाच शेतात.

आता मेन मुद्दा, ज्याच्यासाठी ही पोस्ट लिहायला घेतली.

दोन पट्ट्यांच्या मधे बांध नाही. नुसता नांगराचा तास. म्हणजे सरकायला किती सोपं बघा, दरवर्षी वीतभर पुढे घ्या, पाच वर्षांत अडीच हात आपली. ज्याने खेड्यात दिवस काढलेत त्याला 'बांध कोरणे' म्हणजे काय हे समजवून सांगायला नको. आमच्याकडे चुलत्यांचं आणि आमचं एका बांधावरनं जे सुरू झालं ते मी आठवीत असताना, आज माझी पोरगी दुसरीत आहे. दोनदा मोजणी झाली, दोन्ही वेळा वेगवेगळा दगड निघाला, एकदा मोजणीवाले आलेच नाहीत, वकिलाच्या फीमध्ये त्या बांधाची किंमत तीनदा निघून गेली असेल. दिवाळीचं ताट एकमेकांच्या घरात जायचं बंद झालं ते झालंच.

लॅक्स्टनमध्ये नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी ज्युरी निघते. ज्युरी म्हणजे कोण, तर गावातलेच शेतकरी, त्यांचाच एक फोरमन. गहू पेरून झालेल्या शेतात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं जायचं, उतरायचं, आणि हद्दी बघत चालायचं. कुणी शेजाऱ्याच्या पट्ट्यात नांगर घातलाय का, कुणी रस्ता नांगरलाय का, चर साफ केलाय का. मी एकदा रजा टाकून मुद्दाम गेलो होतो आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलं. थंडी मरणाची, तिथली माती लालसर, इतकी चिकट की बुटाला किलोकिलोचा गोळा, मला आपल्या काळ्या रानातला जून आठवला. ते लोक एका जागी थांबले, एकाने लांब बघितलं, एक डोळा बारीक करून, दुसरा खाली वाकला, काहीतरी बोलणं झालं, कोणीतरी हसलं, आणि मग फावड्याने भोक पाडून एक लाकडी खुंटी ठोकली. बास. हद्द ठरली. जीपीएस नाही, फाईल नाही, आणि ज्याचा पट्टा आहे तो बहुतेक त्या घोळक्यातच उभा.

माझ्या शेजारी एक आजोबा कुत्रं घेऊन उभे होते, मला म्हणाले, "एय अप, मी डक." (या भागात अनोळखी माणसालाही 'माझ्या बदका' म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून बघितलेलं.) मी विचारलं भांडणं होतात का, तर म्हणाले, होतात की, पण ती एका वर्षाची असतात.

एका वर्षाची. मी हे वाक्य घरी येईपर्यंत चघळत होतो.

पुढच्या गुरुवारी मग कोर्ट, कोर्ट लीट म्हणतात त्याला, आणि ते भरतं कुठे तर त्या डव्हकोट इन पबमध्ये. ज्युरीने जे पकडलं ते तिथे वाचायचं, दंड लावायचा, दंड काही पौंडांचा, म्हणजे पैशाने कुणी बुडत नाही पण सगळ्या गावासमोर नाव येतं. पुढच्या वर्षीची ज्युरी तिथेच शपथ घेते. हा नुसता पर्यटकांसाठीचा खेळ नाही बरं का. १९७७ च्या कायद्याने असल्या जुन्या कोर्टांचे अधिकार जवळजवळ सगळीकडे काढून घेतले, लॅक्स्टनचे ठेवले. गावात कोंडवाडापण आहे, आणि पूर्वी भटकी जनावरं त्यात घालायला पिंडर नावाचा माणूस असायचा. आमच्या गावच्या कोंडवाड्यात आता ग्रामपंचायतीचं भंगार असतं.

आता कोणी लगेच 'बघा गोरे किती शिस्तीचे' वगैरे कमेंट करायला येऊ नका, कारण ते अर्धसत्य आहे. लॅक्स्टनचा शेतकरी त्या जमिनीचा मालक नाही, कूळ आहे. मालक पूर्वी अर्ल मॅन्व्हर्स हे उमराव घराणं, १९५२ ला सरकारच्या कृषी खात्याने घेतली, १९८१ ला क्राउन इस्टेटकडे (राजगादीच्या नावावरची मालमत्ता सांभाळणारी संस्था) गेली आणि २०२० ला थोर्सबी इस्टेटकडे, म्हणजे फिरून त्याच घराण्याच्या वारसांकडे. जमीन आपली नसली की वीतभरासाठी डोकी फोडायची खुमखुमी कमीच असणार. आमच्या आजोबांची पिढी जमिनीवर स्वतःचं नाव लागावं म्हणून झुरली, आणि सातबारा देऊन ती पबमधली ज्युरी घ्या असं मला कोणी म्हटलं तर मी घेणार नाही. आण्णा तर मला घराबाहेर काढतील.

पण गंमत बघा, ज्या इंग्रजांनी स्वतःच्या देशात असली गावं जवळपास संपवली, त्यांनीच १८३५ च्या सुमाराला आमच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांना साखळी घेऊन पाठवलं, नंबर पाडले, दगड रोवले, आणि प्रत्येक नंबरावर एकेकाच्या नावे सारा लावला. बांधाचा कागद गावाबाहेर गेला तो तेव्हा, असं माझं मत. सारा ठरवताना पूर्वीच्या मानाने लोकांवरचा बोजा कमी झाला हेही खरं, पण हद्द कुठे हे सांगणारा माणूस आता शेजारी राहिला नाही, तो कचेरीत बसला. आणि कचेरीतला माणूस कधी आपल्या रानात चिखल तुडवत दरवर्षी येणार आहे का? तो येतो भांडण पेटल्यावर, अर्ज केल्यावर, पोलीस बंदोबस्त घेऊन.

माझं म्हणणं एवढंच, मालकी राहू द्या, सातबारा राहू द्या, पण पेरणी झाली की शिवारातले दहा-बारा जण मिळून एकदा चक्कर मारायला कुठल्या जीआरची गरज आहे? तास वीतभर सरकलेला असतानाच बोललं तर चहावर मिटतं. वीस वर्षांनी तिथे नारळाची झाडं लागलेली असतात. आमच्या त्या बांधावर लागलीत, म्हणून सांगतोय. दोन चुलत्यांची, तीन आमची, आणि पाचही झाडांवर वाद आहे.

परवा व्हिडिओ कॉलवर आण्णांना त्या ज्युरीचा मी काढलेला व्हिडिओ दाखवला. चष्मा वर करून, फोन डोळ्याला लावून त्यांनी दोनदा बघितला. खुंटी ठोकतात तिथे परत मागे घ्यायला लावला.

"रान भारी हाय," म्हणाले. मग बराच वेळ गप्प. मग, "आणि रात्रीतनं खुंटी कोण हलवत नाही?"

मी म्हटलं, विचारून सांगतो.