दुसऱ्याच्या वावरातली पऱ्हाटी

पेरणी तोंडावर आली की आमच्या अकोल्याच्या कट्ट्यावर चोरबीटीचा, म्हणजे परवानगी नसलेल्या कपाशी बियाण्याचा, विषय निघतोच. यंदा निमित्त झालं व्हॉट्सअ‍ॅपवरच्या भांडणाचं. जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, बियाण्याला विरोध करणाऱ्या आमच्या ताईंना ग्रुपवर कुणीतरी ‘परदेशी पैशावर जगणारी’ म्हटलं, आणि त्यांच्या बाजूच्या एकाने समोरच्या सगळ्यांना ‘कंपनीचे दलाल’ करून टाकलं. मला दोन्ही वाचून संताप आला. चहा यायच्या आतच भाऊंनी तोंड उघडलं.

भाऊंची कपाशी अकोट तालुक्यात. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोली जहांगीरला एचटीबीटी कपाशी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारी चोरबीटी, जाहीरपणे पेरली, तेव्हा ते तिथे होते. “आम्ही सांगून-सवरून पेरलं. तारीख सांगितली, गाव सांगितलं. तवाच्या कायद्यानं पाच वर्षं जेल अन् लाखाचा दंड होऊ शकत होता, हे माहीत असून पेरलं. कोणाच्या वावरात घुसलो नाही, कोणाले शिवी देल्ली नाही. याच्याहून सभ्य आंदोलन कोणतं?”

“सभ्य होतं, ते मी नाकारत नाही,” ताई म्हणाल्या. “पण भाऊ, परागकण तुमच्या बांधावर थांबतात का? शेजारी सेंद्रिय कापूस लावणाऱ्याचं प्रमाणपत्र गेलं तर? तुमचा सत्याग्रह त्याच्या वावरात शिरतो, आणि त्याला कुणी विचारलेलं नसतं.”

भाऊ थोडा वेळ गप्प राहिले, मग निंदणावर आले. पाऊस लागून राहिला की डवरणी होत नाही, निंदाले बाया भेटत नाहीत, तण पऱ्हाटीच्या डोक्यावर जाते. तणनाशक मारलं अन् पऱ्हाटी तगली, तर त्या वर्षीचं पीक हाती लागते. ताईंचं म्हणणं, त्याच निंदणाच्या मजुरीवर गावातल्या कितीतरी बायांचा पावसाळा निघतो. दोघंही खरं बोलत होते. म्हणूनच यात कुणाला दलाल ठरवणं मला फार वाईट वाटतं. असा शिक्का बसला की निंदणाचा प्रश्न बाजूला पडतो आणि माणसाची चौकशी सुरू होते.

बोंडअळीवरही जुंपलीच. ताईंनी २०१७ ची गुलाबी बोंडअळी काढली, बीटी, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेली कपाशी, असूनही बोंडं पोखरली गेली म्हणून. भाऊंनी अमेरिकन बोंडअळीचं सांगितलं. तिचा त्रास बीटीने कमी केला, हे त्यांनी स्वतःच्या वावरात पाहिलेलं आहे.

तेवढ्यात एक मित्र तापला. “एवढं कायले बोलत बसता? कर्नाटकात १९९८ ला शेतकरी नेते नंजुंडस्वामींच्या रयत संघाने बीटी कपाशीचे चाचणी प्लॉट जाळले होते. तसंच करा. चाचणी दिसली की उपटा.”

आणि बीटी आली नाही का, असं मास्तरांनी विचारलं. २००२ मध्ये तिला परवानगी मिळाली होती.

मग कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या पोराने रोथमस्टेडची गोष्ट सांगितली. मला ती फार मोलाची वाटते. इंग्लंडमधल्या हार्पेंडन गावात ही जुनी शेती संशोधन संस्था आहे. मावा ही पिकाचा रस शोषणारी कीड धोक्यात असली की एक वास सोडते, आणि तो आला की बाकीचा मावा पळतो. तोच वास सोडणारा गहू तिथल्या शास्त्रज्ञांनी तयार केला होता. २७ मे २०१२ रोजी येऊन तो उपटू, असं विरोधकांनी जाहीर केलं. शास्त्रज्ञांनी व्हिडिओ काढून विनवलं, की या, बोला, वाद घाला, पण प्रयोग उद्ध्वस्त करू नका. २७ मेच्या आधीच एकाने घुसून थोडी नासधूस केली होती. ठरल्या दिवशी पोलिसांनी शेताकडे जाऊ दिलं नाही. लोक जवळच्या मैदानात जमले, भाषणं झाली, सगळे शांतपणे घरी गेले. गहू उभा राहिला.

२०१५ मध्ये निकाल आला. प्रयोगशाळेत चाललेली युक्ती शेतात चालली नव्हती. मावा काही कमी झाला नाही, आणि हे शास्त्रज्ञांनी स्वतःच छापलं.

मी त्या तापलेल्या मित्राला म्हटलं, आता तूच बघ. तो गहू उपटला असता तर एक बाजू आजही म्हणाली असती, राहू दिला असता तर मावा गेला असता. विरोधकांना त्यांच्या उपयोगाचं उत्तर मिळालं ते गहू उभा राहिला म्हणून.

“मंग मी तेच म्हणतो,” भाऊ म्हणाले, “इथंबी चाचण्या होऊ द्या.”

“होऊ द्या. पण कागद लपवू नका,” ताईंचा आवाज चढला. “बीटी वांग्याच्या चाचण्यांची माहिती बाहेर यायला माहितीचा अधिकार अन् कोर्ट लागलं. लोक काय हवेवर विश्वास ठेवतील?” इथे मी पूर्णपणे ताईंच्या बाजूने आहे. माणसाला शांत राहा म्हणायचं आणि त्याच्या हाती आकडे द्यायचे नाहीत, हे चालणार नाही.

मास्तरांनी २०१० ची आठवण काढली. बीटी वांग्यावर तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत सुनावण्या घेतल्या, त्यातली एक नागपूरला. सातही ठिकाणी मिळून जवळजवळ आठ हजार माणसं आली. घोषणा झाल्या, आरडाओरडा झाला, तरी शेतकरी आणि शास्त्रज्ञ एकाच सभागृहात बोलले. ९ फेब्रुवारीला बीटी वांग्याला स्थगिती आली. भाऊंना ती आजही चुकीची वाटते, ताईंना योग्य. तसं सभागृह परत भरवा, ही मागणी मात्र दोघांचीही आहे.

निघताना ताईंनी कलेक्टर कचेरीवर द्यायच्या निवेदनाचा कच्चा मसुदा दाखवला. बिनबिलाची, बिनहमीची पाकिटं विकणाऱ्यांवर गुन्हे दाखल करा, पेरणाऱ्या शेतकऱ्यावर नको, असं त्यात एक वाक्य होतं. भाऊंनी ते दोनदा वाचलं.

“एवढ्या वाक्याखाली मी सही करतो. बाकीच्या निवेदनाले माझा विरोध हाय, अन् त्या दिवशी मी समोरच्या बाजूने फलक घेऊन उभा राहीन.”

“या,” ताई म्हणाल्या. “फलकावर काय लिहिणार, ते आधी कळवा म्हणजे मी उत्तर तयार ठेवते.”