रोटरी इंजिनाला वेडेपणा म्हणण्याआधी

सध्या एक मजकूर खूप फिरतो आहे. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचं अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगर फिरायचं, हा निव्वळ वेडेपणा होता. त्याचा वेग कमी-जास्त करायची सोयच नव्हती. शिवाय त्यात एरंडेल घालायचे. आणि आता असलं एकही इंजिन चालू स्थितीत नाही. या इंजिनांवर माझा जीव आहे, म्हणून हे लिहितो आहे.

इंजिन फिरायचं, हे खरं. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा मधला दांडा, विमानाच्या सांगाड्याला घट्ट बसवलेला आणि सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती फिरणारे. पण असं का, ते मजकुरात नाही. १९०८ च्या सुमाराची विमानं इतकी संथ होती की समोरून येणाऱ्या वाऱ्यावर इंजिन पुरेसं थंड होत नसे. पाणी वापरावं तर रेडिएटर आणि नळ्यांचं ओझं. फ्रान्सच्या सेगँ बंधूंनी सिलिंडरच फिरवले. विमान जमिनीवर उभं असलं तरी त्यांना वारा मिळू लागला, आणि फिरणं एकसारखं ठेवणाऱ्या वेगळ्या जड चाकाची, फ्लायव्हीलचीही गरज उरली नाही. राइट बंधूंचं १९०३ चं इंजिन साधारण ८० किलोंचं आणि १२ अश्वशक्तीचं. सेगँ बंधूंचं सात सिलिंडरांचं ‘ग्नोम ओमेगा’ जवळपास तेवढ्याच वजनात ५० अश्वशक्ती देत होतं. याला वेडेपणा कसं म्हणायचं?

वेगाबद्दलचा गैरसमज बहुधा ग्नोमच्याच ‘मोनोसूपाप’ प्रकारावरून आला असावा. त्यात प्रत्येक सिलिंडरला एकच व्हॉल्व्ह, आणि वेग बदलायला फारसा वाव नाही. उतरताना वैमानिक बटण दाबून ठिणगी तोडायचा. बटण सोडलं की इंजिन पुन्हा गर्जायचं. पण ल रोन, क्लर्जे आणि बेंटली बीआर-१ या इंजिनांना हवेसाठी आणि पेट्रोलसाठी दांडे होते. दोन्हींचा मेळ हातानं जुळवावा लागे, उंचीनुसार पुन्हा जुळवावा लागे, आणि त्यात चुकलेल्या नवशिक्यांचे अपघातही झाले. सोय अवघड होती, पण होती.

एरंडेलाचं कारण सरळ आहे. या इंजिनांत पेट्रोलमिश्रित हवा क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचातूनच जाते. खनिज तेल पेट्रोलनं पातळ झालं असतं. एरंडेल त्यात सहजी विरघळत नाही.

ही इंजिनं मागे पडली ती वेगळ्या कारणानं. जास्त वेगानं फिरवलं की हवेचा विरोध कापण्यातच बरीच शक्ती खर्च व्हायची. जर्मनीच्या सीमेन्स-हाल्स्के एसएच-३ इंजिनानं त्यावर अफलातून तोड काढली: अकरा सिलिंडर आणि पंखा एका दिशेला, क्रँकशाफ्ट उलट दिशेला, प्रत्येकी मिनिटाला ९०० फेरे. त्यामुळे सिलिंडरांना हवेत फार जोरात फिरावं लागत नसे.

आता ‘एकही चालू नाही’ याबद्दल. नुसतं पाहायचं असेल तर पहिलं ग्नोम ओमेगा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे जपलेलं आहे. चालताना पाहायचं असेल तर न्यूयॉर्क राज्यातलं ओल्ड ऱ्हाइनबेक हे जुन्या विमानांचं संग्रहालय किंवा इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधल्या ओल्ड वॉर्डनचा शटलवर्थ हा जुन्या विमानांचा संग्रह. न्यूझीलंडच्या ब्लेनहाइममध्ये तर १०० अश्वशक्तीचं मोनोसूपाप नव्यानं घडवलं गेलं आहे. ओल्ड वॉर्डनला जायचं तर उन्हाळ्यातली, वारा पडलेली संध्याकाळ गाठा. ल रोन इंजिनाचं सॉपविथ पप हे पहिल्या महायुद्धातलं विमान सुरू झालं की पंख्याच्या मागच्या बाजूला, कुंपणाशी उभे राहा. जळक्या एरंडेलाचा वास तुमच्यापर्यंत येईल.