रंग वाळला म्हणजे खोली झोपण्याजोगी झाली, असं नाही

रंगकाम संपलं की घरात एकच घाई सुरू होते. पलंग जागेवर सरकवा, गाद्या टाका, पडदे चढवा, आणि आज रात्री इथेच झोपू. भिंतीला बोट लावून बघायचं, बोटाला रंग आला नाही की झालं! या घाईबद्दल मला आज जरा सविस्तर लिहायचंय. त्या पहिल्या रात्री नव्या खोलीत झोपवलं जातं ते बहुतेक वेळा घरातल्या सगळ्यात लहान जिवाला. खोली त्याच्यासाठीच तर रंगवलेली असते.

बोटाला रंग लागत नाही, म्हणजे फक्त वरचा पापुद्रा सुकला. रंग ब्रशने नीट पसरावा म्हणून त्यात द्रावकं घातलेली असतात. ती हवेत उडून जातात तेव्हाच रंग वाळतो. म्हणजे ज्याला आपण वाळणं म्हणतो, ते त्या द्रावकांचं खोलीच्या हवेत येणंच असतं. शेवटचा हात मारून डबे बंद झाले तरी ते थांबत नाही.

ऑइल पेंटचं प्रकरण जास्त जड आहे. त्यात टर्पेंटाइन आणि थिनर असतो. थिनरमध्ये बहुधा टोल्यूइन, झायलीन यांसारखी द्रव्यं. ही उडून गेल्यावरही काम संपत नाही, कारण रंगातलं तेल पुढे कितीतरी दिवस हवेतला ऑक्सिजन घेत घट्ट होत राहतं आणि त्यातून आल्डिहाइड नावाची तिखट वासाची रसायनं सुटतात. आठवडा उलटला तरी दाराजवळ जो खवट, तेलकट वास येतो, तो हाच. याचा पडताळा घ्यायचा असेल तर आतून ऑइल पेंट लावलेलं कपाट बघा. खोलीतला वास गेलेला असतो, सगळे निर्धास्त असतात, आणि चार दिवस बंद राहिलेलं ते कपाट उघडलं की आतून असा भपकारा येतो की डोळ्यांत पाणी यावं. आत ठेवलेले कपडे झटकले तरी वास जात नाही. तेच बाळाच्या झबल्यांचं कपाट असेल तर?

पाण्यात मिसळायचे इमल्शन रंग यापेक्षा खूपच बरे, हे मान्य. पण वास कमी म्हणजे काहीच नाही, असं समजू नका. त्यांतही ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं असतात, आणि डब्यात बुरशी धरू नये म्हणून घातलेली संरक्षक रसायनं भिंतीवरून काही आठवडे हवेत येत राहतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. ज्यांना त्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांचे डोळे चुरचुरतात, चेहऱ्यावर पुरळ उठतं, आणि कारण काही केल्या सापडत नाही. युरोपीय संघात 2010 पासून घरातल्या साध्या मॅट भिंतीच्या रंगात अशी हवेत उडणारी सगळी द्रव्यं मिळून लिटरमागे जास्तीत जास्त 30 ग्रॅम असू शकतात. डब्यावर हा आकडा दिलेला असेल तर तो वाचा. नुसत्या ‘सुगंधी’ किंवा ‘वास नाही’ या शब्दांवर जाऊ नका. सुगंध घालून वास झाकता येतो, रसायन कमी होत नाही.

आता रात्रीच का? दिवसा आपण ये-जा करतो, दारं उघडी असतात. रात्री खोली बंद होते आणि सात-आठ तास त्याच हवेत श्वास चालतो. त्यात एसी लावला तर आपल्याला वाटतं हवा ताजी आहे. पण घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो. शिवाय आपलं नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं. ‘आता काही वास येत नाही’ असं आत बसलेला माणूस सांगतो, तेव्हा ती खोलीची नाही, त्याच्या नाकाची खबर असते. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं, आणि डोकं दुखतंय, मळमळतंय हे त्याला सांगताही येत नाही. ते फक्त रडतं, आणि आपण म्हणतो, जागा नवी आहे म्हणून रडतंय.

एक जुनी घटना मला सारखी आठवते. 1989 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात चार वर्षांचा एक मुलगा पाऱ्याच्या विषबाधेने गंभीर आजारी पडला. शोध घेतला तेव्हा कळलं की घर आतून नुकतंच रंगवलं होतं. रंग पाण्याचाच होता, पण बुरशी लागू नये म्हणून त्यात पाऱ्याचं संयुग घातलेलं होतं. उन्हाळा होता, एसी चालू होता आणि खिडक्या बंद होत्या. पुढच्याच वर्षी तिथे घराच्या आतल्या अशा रंगांत पारा वापरणं बंद झालं. आजच्या रंगाने असं होईल असं मी म्हणत नाही. पण बंद खिडक्या, एसी आणि लहान मूल हा मेळ आजही घरोघरी जुळवला जातो, आणि डब्यातल्या प्रत्येक रसायनाची यादी आपल्या हातात नसते.

उपाय म्हणून काय काय केलं जातं! कापलेला कांदा, व्हिनेगरची वाटी, खायचा सोडा, कोपऱ्यात दोन कुंड्या. कुंड्यांवर तर लोकांचा फार विश्वास. 2019 मध्ये जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा असं दिसलं की साध्या वायुविजनाइतकी हवा झाडांनी स्वच्छ करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील. तेवढ्या कुंड्या मांडल्या तर झोपायला जागा कुठे उरणार? एअर प्युरिफायरचा नुसता धूळ अडवणारा फिल्टर वाफेला अडवत नाही, आणि कापडी मास्कही नाही.

चालते ती फक्त वाहती हवा. समोरासमोरच्या दोन खिडक्या, किंवा एक खिडकी आणि एक दार, सताड उघडं. टेबलफॅन खिडकीत असा ठेवायचा की तो आतली हवा बाहेर फेकेल. पलंगाकडे तोंड करून लावलेला पंखा तीच वाफ अंगावर सोडतो. गाद्या, उशा, पडदे, मऊ खेळणी शेवटी आणायची, कारण कापूस आणि कापड ही वाफ पिऊन घेतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. कपाटांची दारं आणि ड्रॉवर उघडे ठेवायचे. हे सहसा कुणी करत नाही.

किती रात्री? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा सल्ला रंगकामानंतर दोन-तीन दिवस खिडक्या उघड्या ठेवण्याचा आहे. धडधाकट मोठ्या माणसाला, पाण्याच्या रंगासाठी, मला तो पुरेसा वाटतो. कधी नाइलाजाने पहिल्याच रात्री खिडकी उघडी ठेवून झोपावं लागलं तर घाबरून जाऊ नका, फार तर डोकं जड होईल, घसा खवखवेल. पण तान्हं बाळ, गरोदर बाई, दम्याचा माणूस यांना मी तरी दोन आठवडे त्या खोलीत झोपू देणार नाही, आणि ऑइल पेंट असेल तर त्याहून जास्त. बाळाची खोली रंगवायचीच असेल तर दिवस भरत आल्यावर नको, दोन-तीन महिने आधी रंगवा. भिंत जुनी असेल तर घासाईच्या वेळीही घरात गरोदर बाई आणि मुलं नकोत. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ वासापेक्षा कितीतरी वाईट. पिंजऱ्यातला पक्षी असेल तर तो दुसऱ्या घरी पाठवा, त्याची फुप्फुसं फार नाजूक असतात.

खोली तयार आहे का हे बघायची माझी रीत सांगते. दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवायच्या, आत कुणी झोपायचं नाही. सकाळी आधी थोडा वेळ बाहेर मोकळ्या हवेत फिरून यायचं आणि मग दार उघडायचं. पहिल्या श्वासाला जे जाणवेल ते खरं. वास आला तर अजून थांबायचं. नाही आला तरी खात्री झाली असं नाही, पण वास येत असताना मूल तिथे झोपवायला कुठलंच कारण पुरेसं नाही.

आणि एक. आपण दोन आठवडे त्या हवेपासून दूर राहतो, रंगारी मात्र वर्षभर तीच हवा घेतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1989 मध्येच रंगाऱ्याच्या कामाला कर्करोगकारक ठरवलंय. तरी धूळ येते म्हणून खिडक्या लावून घ्या असं त्याला सांगणारे आपणच असतो, आणि काम लांबलं की रात्री तिथेच वळकटी टाकायला सांगणारेही आपणच. त्याला दुसऱ्या खोलीत जागा द्या. दारं आणि कपाटांसाठीही आता पाण्यात मिसळणारा इनॅमल मिळतो. चकाकी थोडी कमी येते, म्हणून रंगारी नको म्हणेल. तरी तोच लावायला सांगा.