पाय, हार आणि छत्तीस गोल

आईचा फोन नेमका हाफटाइमला येतो. इथे स्कॉटलंडमध्ये, आर्ब्रोथला, तेव्हा दुपारचे पावणेचार झालेले असतात आणि देवगडला रात्रीचे सव्वानऊ. तिची मागची आवराआवर आटपलेली असते आणि माझ्या हातात कागदी पिशवीतला गरम ऐवज असतो.

"काय करतोयस?"

"मॅच बघतोय. पाय खातोय."

"कुणाचा?"

तिला सांगितलं, आई, पाय म्हणजे तळहाताएवढी कडक पारी, आत मिरी घातलेला मटणाचा खिमा. "मग करंजी म्हण की सरळ," म्हणाली. आता मी करंजी म्हणतो. पण या करंजीचा खरा उपयोग खाण्यासाठी नाहीच. आधी ती दोन्ही हातांत धरायची, बोटं आपलीच आहेत याची खात्री पटली की मग नाकाला लावायची, आणि उरलीसुरली ऊब संपत आली की खायची. घाई केली तर जीभ भाजते आणि हात तसेच गार राहतात.

बायकोची नोकरी डंडीत, मी घरून काम करणारा. डंडीपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर, समुद्राकाठी, भाडं जरा कमी, म्हणून आम्ही आर्ब्रोथला घर घेतलं. समुद्र म्हणजे काय, तो तर आपलाच, असं मी कोकणी तोऱ्यात म्हणालो होतो. इथला समुद्र म्हणजे उत्तर समुद्र. त्याचं माझं काहीही नातं नाही, हे त्याने पहिल्याच आठवड्यात स्पष्ट केलं.

शेजारी एक म्हातारबुवा राहतात. वय ऐंशीच्या पुढे, कणा माझ्यापेक्षा ताठ. पहिल्याच दिवशी कुंपणापाशी आले आणि म्हणाले, "शनिवारी काय करतोस, लाडी?" मी दचकलो. लाडीगोडीची इतकी सवय आपल्याला नसते. पुढे कळलं की लाडी म्हणजे पोरगा. आणि दर वाक्याला ते "आय" म्हणत, ते एस.टी. चुकलेल्या पोरासारखं आईला हाक मारणं नव्हे, तर नुसतं "हो".

मी म्हणालो, शनिवारी काहीच नाही. तिथेच फसलो.

त्यांचा क्लब म्हणजे आर्ब्रोथ फुटबॉल क्लब, स्थापना १८७८. मैदानाचं नाव गेफील्ड पार्क, आणि तिथे खेळ १८८० पासून. युरोपात समुद्राला याहून खेटलेलं दुसरं फुटबॉलचं मैदान नाही, असं इथे अभिमानाने सांगतात. भरतीची रेषा भिंतीपासून पाच-सहा यार्डांवर. वादळ असलं की लाट भिंतीवरून आत डोकावते आणि पुढच्या रांगेतल्यांना फुकट अंघोळ. गोलकीपर उंच किक मारतो, चेंडू अर्ध्या वाटेत थबकतो, विचार करतो आणि परत येतो. एकदा कॉर्नर घ्यायला उभ्या राहिलेल्या खेळाडूने चेंडू चार वेळा जागेवर ठेवला. पाचव्यांदा त्याने चेंडूकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी फक्त आमच्याकडची म्हातारी माणसं उंडग्या वासराकडे बघताना पाहिली आहेत.

पहिल्या शनिवारी निघताना म्हातारबुवांनी आकाशाकडे बघून सुस्कारा टाकला. "आज हार येणार."

मी म्हटलं, असं काय, खेळ तर अजून सुरूही झाला नाही. जरा धीर धरा.

"आय, येणारच. तीनपर्यंत येईल."

इतका निराश माणूस मॅचला जातोच कशाला, असं मनात म्हणत मी चालत राहिलो. तीन वाजता समुद्रावरून पांढरं धुकं आलं आणि पलीकडचा गोलपोस्ट दिसेनासा झाला. या धुक्याला इकडच्या किनाऱ्यावर 'हार' म्हणतात. दुसरी हार त्या दिवशी आली नाही. अलीकडे-पलीकडे कुठेतरी आमच्या टीमने एक गोल मारला. मी फक्त ओरडा ऐकला.

माझ्या दुखण्याची ही सुरुवात. कारण त्यानंतर मी तीन वेळा गेफील्डला गेलो. दुसऱ्या खेपेला गोल झाला तेव्हा मी करंजीच्या रांगेत होतो. तिसऱ्या खेपेला शून्य-शून्य. आणि या सगळ्या वेळात माझ्या उजव्या कानात, म्हणजे ज्या कानात वारा जात नव्हता त्या कानात, म्हातारबुवा मला छत्तीस गोलांची गोष्ट सांगत होते.

१२ सप्टेंबर १८८५, स्कॉटिश कपची पहिली फेरी. समोर अ‍ॅबर्डीनहून आलेला बॉन अकॉर्ड नावाचा संघ. पाऊस कोसळतोय. मध्यंतराला १५-०. म्हातारबुवा इथे थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी "बाप रे" म्हणायचं असतं. मग दुसऱ्या अर्ध्यात आणखी २१, म्हणजे दर दोन-सव्वादोन मिनिटांना एक. शेवट ३६-०. अठरा वर्षांच्या जॉकी पेट्रीने एकट्याने तेरा मारले. त्यातून तेव्हा गोलपोस्टला जाळं नसायचं. प्रत्येक गोलनंतर कुणीतरी चेंडू शोधून आणायचा. म्हणजे बॉन अकॉर्डचे लोक त्या दिवशी खेळापेक्षा चेंडू आणण्यातच दमले असणार. रेफ्रीने काही गोल बाद केले ते वेगळेच.

पण मला या गोष्टीत सगळ्यात जवळचा वाटतो तो आर्ब्रोथचा गोलकीपर मिल्न. त्याच्याकडे नव्वद मिनिटांत चेंडू आलाच नाही म्हणतात. तो बिचारा एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली जाऊन उभा राहिला. विश्वविक्रम होत होता आणि हा गृहस्थ भिजू नये म्हणून परक्या माणसाची छत्री शोधत होता. गेफील्डवर खरं कौशल्य कशात आहे, हे त्याला कळलं होतं.

आता गंमत अशी की त्याच दिवशी, इथून जवळच डंडीत, डंडी हार्प नावाच्या संघाने अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-० हरवलं. तिथल्या रेफ्रीने ३७ मोजले होते म्हणतात. पण हार्पचा सेक्रेटरी म्हणाला, नाही साहेब, आम्ही पस्तीसच मारले. आणि पस्तीसच नोंदले गेले. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्या सेक्रेटरीसाठी माझा जीव तुटला. विश्वविक्रम हातात आलेला, रेफ्री स्वतः देतोय, आणि हा हिशेब दुरुस्त करतोय! आमच्या सोसायटीचा खजिनदार असता तर एकोणचाळीस झाले असते आणि वर चहापाण्याचा खर्च निघाला असता.

"पण २००२ साली मादागास्करमध्ये १४९-० झाली ना?" मी एकदा मोबाइलवर शोधून म्हणालो. म्हातारबुवांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मोबाइल खिशात घातला. "निषेध म्हणून स्वतःच्याच गोलात मारलेले ते," ते म्हणाले. "त्याला काय मोजायचं?" आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत. ती पंधरा मिनिटं फार थंड गेली.

खरं तर या छत्तीसमागे आदल्या हंगामाचं एक दुखणं आहे, असं माझं मत. १८८४-८५च्या कपमध्ये ग्लासगोचा रेंजर्स आर्ब्रोथला आला आणि ४-३ हरला. रेंजर्सने घरी तार केली: मागच्या दारच्या हिरवळीवर हरलो. म्हणजे चाळीच्या मागे कपडे वाळत घालायची जागा असते ना, तिथे. मग टेप आणून मैदान मोजलं, तर रुंदी नियमापेक्षा ११ इंच कमी. तक्रार मान्य, सामना पुन्हा, आणि या वेळी रेंजर्स ८-१ने जिंकला. पुढच्याच हंगामात पहिल्या फेरीत बॉन अकॉर्ड आर्ब्रोथच्या तावडीत सापडला. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय. हे मत मी म्हातारबुवांना सांगितलं. त्यांनी "वांग्यावर" म्हणजे काय ते विचारलं, ते समजावून सांगण्यात उरलेला पूर्ण अर्धा गेला. त्या अर्ध्यात गोल झाला नाही, हे माझं नशीब.

एक मात्र कबूल केलं पाहिजे. इथल्या फुटबॉलच्या बोलण्यात माझी जीभ चटकन बसली. या क्लबचं टोपणनाव 'रेड लिख्टीज'. लिख्ट म्हणजे दिवा. मासेमारीच्या होड्या अंधारात बंदरात परत याव्यात म्हणून लाल दिवा लावायचे, त्यावरून. तो घशातला 'ख' इंग्लंडहून आलेल्या पाहुण्यांना जमत नाही, मला एका दमात जमला. लाल दिवा म्हटल्यावर मला आधी मंत्र्यांची गाडी आठवली, हे मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी घरी जाताना बंदराजवळच्या गल्लीतून धुराचा वास येतो. हॅडॉक मासा जोडीजोडीने शेपटीला सुतळीने बांधून काठीवर टांगतात, खाली लाकडाचा जाळ, वर ओलं गोणपाट. तांबूस-सोनेरी होऊन तो बाहेर येतो, त्याला म्हणतात स्मोकी. आर्ब्रोथ स्मोकी या नावाला २००४ पासून युरोपचं भौगोलिक संरक्षण आहे, म्हणजे आपल्या देवगड हापूससारखंच. काट्यावरून मांस बोटाने अलगद सुटतं आणि पहिल्या घासाला मला माझी आजी आठवली. एवढ्या एका गोष्टीवर मी या गावाचे बाकीचे सगळे गुन्हे माफ करायला तयार आहे. वारा सोडून.

मधला बराच इतिहास म्हातारबुवा धावता सांगतात, कारण तो वर चढण्याचा आणि खाली येण्याचा आहे. फक्त १९५२ला थांबतात. रेंजर्स पुन्हा कपसाठी आला होता आणि गेफील्डवर १३,५१० माणसं होती. आजवरची सगळ्यात मोठी गर्दी. "मी वडिलांच्या खांद्यावर होतो," ते म्हणतात. निकाल मी विचारला नाही. त्यांनीही सांगितला नाही. त्यावरून काय ते समजलो.

आणि मग २०२१-२२. हा विषय निघाला की त्यांचा आवाज खाली जातो, जणू घरातल्या कुणाच्या मोडलेल्या लग्नाबद्दल बोलतायत. टीम अर्धवेळ खेळणाऱ्यांची. दिवसा नोकरी, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी सराव. बॉबी लिन हा त्यांचा लाडका खेळाडू अनेक वर्षं कचरागाडीवर कामाला होता; सकाळी लोकांचे डबे उचलायचे, शनिवारी समोरच्यांची बचावफळी. मॅनेजर डिक कँपबेल, डोक्यावर सपाट टोपी, मदतीला जुळा भाऊ इयन. हे लोक दुसऱ्या श्रेणीत चक्क वरच्या जागेसाठी झगडत होते. पहिले आले असते तर वरच्या श्रेणीत गेले असते, आणि सेल्टिक, रेंजर्ससारखे बडे क्लब दर हंगामात या वाऱ्यात उभे राहिले असते, या कल्पनेनेच म्हातारबुवांचे डोळे चमकतात. एप्रिलमध्ये पहिल्या जागेच्या दुसऱ्या दावेदाराकडे, किल्मार्नकला, सामना होता. आघाडी घेतली, आणि शेवटच्या मिनिटांत २-१ने गेला. दोन गुणांनी दुसरा नंबर.

मग प्लेऑफ, म्हणजे वर जायची दुसरी संधी, इन्व्हर्नेसशी. पहिला सामना ०-०. दुसरा गेफील्डवर, समोरचे दोघे बाहेर काढलेले, नऊच जण उरलेले, तरी ०-०. जादा वेळ धरून दोनशे दहा मिनिटांत एक गोल नाही. शेवटी पेनल्टीवर हरले.

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. म्हणजे गोल न दिसणं हे केवळ माझ्या पत्रिकेत नव्हतं.

टोपीचा विषय त्याच ओघात निघाला. कँपबेलची टोपी, त्याआधीची नेड डोइगची टोपी. डोइग हा इथला एकोणिसाव्या शतकातला गोलकीपर, पुढे संडरलंडला जाऊन फार मोठा झाला. त्याला टक्कल होतं आणि त्याची त्याला लाज वाटायची. म्हणून टोपी, तीही हनुवटीखाली पट्ट्याने बांधलेली. तरी कधी उडालीच तर तो चेंडूआधी टोपीमागे धावायचा, असं सांगतात. "गोलकीपर म्हणून चूक," म्हातारबुवा म्हणाले, "माणूस म्हणून ठीक."

माझी स्वतःची टोपी म्हणजे आईने पाठवलेली माकडटोपी. ती घालून मी एकदा निघालो, तर बायको दारातच म्हणाली, बँक लुटायला चाललायस का. म्हणून चौथ्या खेपेला मी उघड्या डोक्याने गेलो. म्हातारबुवांनी माझ्या लाल कानांकडे पाहिलं, घरात गेले आणि एक करडी लोकरीची सपाट टोपी घेऊन आले. आतलं अस्तर झिजून कागदासारखं झालेलं. "सांभाळून, लाडी. माझ्या वडिलांची आहे." १९५२ला त्यांच्या डोक्यावर हीच होती का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

गेफील्डवर आणखी एक पद्धत आहे. मध्यंतराला लोक एका गोलामागून निघतात आणि आपली टीम ज्या गोलावर हल्ला करणार त्या गोलामागे जाऊन उभे राहतात. अख्खी वरात मैदानाला अर्धी प्रदक्षिणा घालते, हातात करंज्या, मागून पोरं. म्हणजे पहिल्या अर्ध्यात वाऱ्याला पाठ देणारी जी जागा हेरून ठेवलेली असते, ती सोडायची आणि दुसऱ्या अर्ध्यासाठी नवा कोपरा शोधायचा. त्या दिवशी आम्हाला भिंतीकडचा कोपरा मिळाला. आईचा फोन येऊन गेला. खेळ सुरू होऊन पाचेक मिनिटं झाली असतील, आमचा विंगर उजवीकडून सुटला, लोक पंजांवर उभे राहिले, मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

आणि टोपी उडाली.

ती आधी सरळ वर गेली, मग पायऱ्यांवरून गडगडत कठड्याच्या दिशेने. पलीकडे भिंत, भिंतीपलीकडे उत्तर समुद्र, आणि त्यापलीकडे थेट डेन्मार्क. मी धावलो. "सॉरी, सॉरी" म्हणत लोकांच्या गुडघ्यांमधून गेलो, एकाची करंजी पाडली, आणि कठड्यापाशी एका लहान मुलीने बुटाखाली दाबून धरलेली टोपी तिच्या पायातून सोडवून घेतली. मी वाकलेलो असतानाच सगळं मैदान एकदम ओरडलं. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. मी वर पाहिलं तोवर चेंडू जाळ्यात स्थिर झाला होता.

टोपी झटकून मी परत आलो. म्हातारबुवा कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"मिळाली?"

"मिळाली."

त्यांनी ती हातात घेतली, अस्तर तपासलं, पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवली आणि कानापर्यंत खाली ओढली.

"कसा मारला गोल?" मी विचारलं. "निदान सांगा तरी."

ते जरा वेळ समुद्राकडे बघत राहिले.

"मला काय माहीत, लाडी," ते म्हणाले. "मी टोपीकडे बघत होतो."