ट्रॅप कॅमेरा घेऊन डोक्याला ताप करून घेतलाय

च्यायला, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढतो म्हणे हा कॅमेरा, आणि निघाले १८४६ फोटो. तीन दिवसांचे. त्यात जनावर किती, तर एक बोका, दोन कुत्री, आणि अठरा फोटोंत आमचा वॉचमन, तोही भिंतीकडे तोंड करून उभा, म्हणजे कुणाला दाखवायचीही सोय नाही. बाकी सगळं गवत.

आम्ही गोरेगावला आरेच्या कडेला राहतो, मागच्या भिंतीपलीकडे झाडीच. बिबट्या येतो हे अख्ख्या सोसायटीला माहितीये, गल्लीतली कुत्री कमी झाली की कळतंच. आरेत आत जाऊन लावायचा तर परवानगीची भानगड, म्हणून म्हटलं आपल्याच आवारात आंब्याच्या खोडाला बांधू, गुडघ्याएवढ्या उंचीवर. इथवर अक्कल शाबूत होती. पण तोंड केलं मागच्या भिंतीकडे, जिच्यावर दुपारभर ऊन.

बॉक्सवर मोठ्ठं लिहिलंय मोशन सेन्सर. मोशन कसलं डोंबलाचं! त्या पीआयआर सेन्सरला नुसतं हलणं कळतच नाही, त्याला कळते उष्णता, म्हणजे मागच्यापेक्षा कमीजास्त गरम काहीतरी समोरून सरकलं की घे फोटो. आता मुंबईत मे महिन्यात भिंत तापलेली, गवत तापलेलं, जरा वारा सुटला की हा सुटला. आणि खरं जनावर आलं तर त्याचं अंग आणि ती भिंत जवळपास सारखीच गरम, मग साहेब ढिम्म. मॅन्युअलमध्ये यातलं अवाक्षर नाही, कॅमेरा पाण्यात बुडवू नका एवढं मात्र तीनदा सांगितलंय.

आणि सेल! एका वेळी आठ पेन्सिल सेल गिळतो हा राक्षस. पैसे वाचवायला रिचार्जेबल टाकले तर ते १.२ व्होल्टचे, रात्री इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा फ्लॅश, लावायची वेळ आली की दम निघतो, फोटोत नुसता काळोख. लिथियमचे घ्या म्हणतात, भाव ऐकलेत का? बरं सेल बदलले की तारीख परत १ जानेवारी, त्यामुळे माझा बोका भर मे महिन्यात नवीन वर्ष साजरं करतोय. कार्ड काढायला झाकण उघडलं की पट्टा सरकतो, अँगल बोंबलतो, परत गुडघ्यावर बसा, त्यात परवा झाकणात मुंग्यांनी बिऱ्हाड केलेलं, अंड्यांसकट.

काल पहाटे तीनला कुत्री पिसाटल्यासारखी भुंकत होती. सकाळी चहा टाकून धावलो, कार्ड काढलं, तर शेवटचा फोटो रंगीत. रंगीत म्हणजे उजेड असतानाचा. गवताचा. त्यानंतर सेल खलास.

वॉचमन म्हणाला, "साहेब, आला होता ना रात्री. तुमच्या त्या डब्याला हुंगून गेला."

हुंगून!